दोघांचा एक कोयता

माळेवाडी,
ता. २१ ऑगस्ट १९८६

दादा,

नमस्कार. तुमची तब्येत बरी आहे हे फोटोवरून कळालं. फेटा चांगला बसलाय.

तुमचं पंधरा ऑगस्टचं भाषण परभणीच्या साप्ताहिकात छापून आलं. ते साप्ताहिक आमच्या ग्रामपंचायतीत येतं. मी उभ्यानं दोनदा वाचलं. तिथला शिपाई भुजंग म्हणाला, "बाई, तुमच्या भावाचं हाय न्हवं? लय भारी बोललेत." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

तुम्ही म्हणता, गरिबी नशिबानं येत नाही, माणूस ती स्वतःच्या हातानं ओढवून घेतो. तीन गोष्टींनी ओढवून घेतो. आळस, व्यसन आणि लेकरांच्या शिक्षणाची बेपर्वाई. तिसऱ्या गोष्टीला तुम्ही उदाहरण दिलं. "माझ्या नात्यातल्या एका विधवा बाईनं वर्गात पहिली येणारी मुलगी दिवाळीत शाळेतून काढली आणि ऊसतोडीला नेली. सांगा, त्या घराची गरिबी कोणी आणली?" पुढं कंसात छापलंय, टाळ्या.

माझं नाव घेतलं नाही. पण आपल्या नात्यात विधवा मी एकटी आणि पहिली येणारी मुलगी दैवशाला एकटी. टाळ्या वाजवणाऱ्यांना ते सांगायची गरज नव्हती.

आळसाचं आधी सांगते. पहाटे चारला उसात शिरायचं. पाचटाच्या वाळल्या पात्यांनी हात कापतात, गळा कापतो, म्हणून अंगावर दैवशालाच्या बाबांचा जुना सदरा घालायचा. तोडायचं, गोळा करायचं, मोळी बांधायची. ट्रक येईल तेव्हा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. ट्रक जेवणाच्या वेळी आला तर जेवण ठेवून चढायचं. यात आळस करायला जागा कुठं आहे ते मला दाखवा, म्हणजे मी तिथं जरा टेकेन.

तुम्ही म्हणाल, ऊसतोडीला जा म्हणून कोण सांगतं? आमचं दोन एकर मुरमाड रान तुम्ही बघितलंय. माझं लग्न लावायच्या आधी तुम्हीच बघून गेला होता आणि चालेल म्हणाला होता. त्यातली ज्वारी संक्रांतीपर्यंत पुरते, तीही पाऊस नीट झाला तर. संक्रांतीनंतर खायचं काय, याचं उत्तर त्या रानाजवळ नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहिते. ऊसतोडीच्या टोळीत माणसं धरत नाहीत, कोयते धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं बांधायचं. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला कोणताच मुकादम नेत नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत दैवशालाचे बाबा गेले आणि मी अर्धी झाले. दिवाळीला मला जोड लागत होती. ती दैवशाला झाली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती.

तिच्या आधी दुसरी जोड ठरली होती. ती कशी मोडली ते तुम्हाला ठाऊक आहे. आज ते काढत नाही, कारण आज माझं तुमच्याकडे काम आहे.

तुम्ही हेडमास्तर आहात. जानेवारीत गैरहजर म्हणून तुम्ही दैवशालाचं नाव आठवीतून कमी केलं. ते परत घाला. जूनपासून तीन निरोप पाठवले, तिन्ही वेळा "बघू" असं उत्तर आलं. ती माझ्याबरोबर खुरपायला येते आणि घरी येऊन सातवीचीच पुस्तकं पुन्हा वाचते. यंदा नाव लागलं नाही तर तिची शाळा संपली. मला एवढंच मागायचं आहे.

मनकर्णा

माझं अक्षर छापल्यासारखं सुटं सुटं असतं म्हणून वहिनी हसतात. त्यांना सांगा, ज्वारी राखायला मला माळ्यावर बसवायचे तेव्हा तुमची टाकून दिलेली पुस्तकं बघून मी शिकले. छापील तेवढंच समोर होतं.


माळेवाडी,
ता. ११ सप्टेंबर १९८६

दादा,

तुमचं पत्र मिळालं. दोन पानं आहेत आणि नाव घालण्याबद्दल एक ओळ नाही.

भाषण सगळ्या समाजाला उद्देशून होतं, ते अंगाला लावून घेऊ नये, असं लिहिलंत. आणि त्याच्याच खाली लिहिलंत, "वैजीनाथराव पीत नसते तर आज तुझ्यावर ही वेळ आली नसती." जिवंत होते तेव्हा तुम्ही त्यांना कधी राव लावलं नाही. मेल्यावर लावलं, तेही दोष द्यायला.

ते पीत होते. ज्या दिवशी कॅनॉलच्या उतारावर उसाची बैलगाडी उलटली आणि सगळा ऊस अंगावर आला, त्या दिवशीही प्यालेले होते. पंचनाम्याला मी "नाही" सांगितलं होतं आणि तुम्हालाही तेच सांगितलं होतं. आज खरं लिहिते. घेतली होती, पाठ दुखत होती म्हणून. पण आठ दिवस आधीपासून ते मुकादमाला सांगत होते की गाडीचं जू चिरलंय, बदलून द्या. तेही खरं आहे. दारूचा वास येतो, म्हणून ती सगळ्यांना कळाली. चिरलेल्या जुवाला वास येत नाही.

तुमच्या भाषणाच्या फोटोत शेजारच्या खुर्चीवर दिनकरराव बसलेत. शाळेचे अध्यक्ष. ते रोज दुपारी चारला ओट्यावर बाटली घेऊन बसतात, मी माहेरी असल्यापासून बघते. दारूनं गरिबी येत असती तर दिनकरराव केव्हाच कोयता घेऊन आमच्या टोळीत आले असते. साठ एकर कॅनॉलखालचं रान आहे, म्हणून त्यांच्या पिण्याला कोणी कारण म्हणत नाही. शौक म्हणतात.

परवा वहिनी येऊन गेल्या. सोबत लाडू आणले होते, मला बरं वाटलं म्हणून त्यांना सांगा. त्यांनी दैवशालासाठी बन्सीधरचं स्थळ काढलं. आश्रुबा मुकादमाचा पुतण्या. वहिनी म्हणाल्या, मुलगा धट्टाकट्टा आहे, दोघांचा कोयता होईल, तुझी काळजी मिटेल. दैवशाला चुलीपाशी भाकरी थापत होती. ती थापायची थांबली आणि तवा तसाच तापत राहिला. वहिनींनी तुमचा निरोपही सांगितला. आता सुपारी फोडली तर दैवशालाला लग्न होईपर्यंत तुमच्या घरी ठेवून घ्याल आणि नावही घालाल. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तिनं आठवी शिकायची आणि दिवाळीला नवऱ्याबरोबर उसात जायचं.

दादा, चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न मी लावलं, की तुमच्या भाषणाला चौथं कारण मिळेल. बालविवाह. तेव्हा पण माझ्या नात्यातली एक विधवा बाई म्हणाल.

वहिनींना मी नको म्हणून सांगितलं. त्या वाईट नाहीत. जाताना दैवशालाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला तरी कुठं पटायलंय, बाई. पर त्यांनी सांगितलं म्हणून आले."

तुमच्या घरी सगळ्यांचं असंच आहे. माझंही होतं.

मनकर्णा


माळेवाडी,
ता. २४ ऑक्टोबर १९८६

दादा,

दसरा झाला, सोनं द्यायला तुम्ही आला नाहीत. मीही आले नाही. दिवाळी झाली की टोळी निघेल, म्हणून राहिलेलं आता लिहिते. मोडलेल्या जोडीचं.

गोजरबाई तुम्हाला माहीत आहे. आपल्याच गावची, वस्तीतल्या धुरपताबाईची लेक, इथं माळेवाडीत दिलेली. तिचा नवरा दैवशालाच्या बाबांच्या आधी दोन वर्षं गेला. तीही अर्धी, मीही अर्धी. गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही दोघींनी मिळून एक कोयता करायचं ठरवलं. आश्रुबा मुकादम आधी हसला, म्हणाला, "दोन बायांचा कोयता? मग फळीवर कोन चढायचं, तुमचा देव का?" गोजरबाईनं त्याच्यासमोर ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन वाड्याच्या पायऱ्या चढून दाखवल्या. वर जाऊन म्हणाली, "उतरू का अजून एक आनू?"  मुकादमानं आमचा कोयता धरला.

दैवशाला तेव्हा तुमच्या घरी होती, तुमच्या शाळेत जात होती. ती तिथंच राहणार होती. सगळं जमलं होतं.

मग तुम्ही आलात. अंगणात खाटेवर बसलात, चहा घेतला नाही. तुम्ही म्हणालात, ऊस तोडताना कोणी बघत नाही, पण मुक्कामाला एका कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहणार, एका तव्यावर भाकरी करणार, हे भावकी खपवून घेणार नाही. नामांतराच्या दंगलीला सात वर्षं झाली तरी गाव थंड झालेलं नाही, म्हणालात. तुमच्या मोठ्या मुलाची सोयरीक जमत आली होती, तेही बोललात. आणि असं केलंस तर माहेरचा उंबरा तुला बंद, म्हणालात.

मी विचारलं, मग जोड कुठून आणू?

तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "लेक हाय की तुझी. ने तिला एक साल. एका सालानं काय बुडायलंय?"

दादा, हे तुम्ही म्हणालात. माझ्या अंगणात, माझ्या खाटेवर बसून. आणि नऊ महिन्यांनी झेंड्याखाली उभं राहून विचारलंत, या घराची गरिबी कोणी आणली?

मी ऐकलं तुमचं. माझी चूक विचाराल तर ही आहे. नवरा गेल्यावर बाईला माहेर तेवढं राहतं असं मला वाटत होतं, म्हणून मी हो म्हणाले. गोजरबाईला सांगायचं धाडस झालं नाही. निघायच्या दिवशी ती गाठोडं घेऊन गावाच्या पाटीपाशी येऊन उभी होती. मी दैवशालाला घेऊन ट्रकवर चढले आणि तोंड दुसरीकडं केलं. ट्रक हलला तरी ती उभीच होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. ती त्या हिवाळ्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तुमच्या भाषणात गरिबांच्या चुका होत्या, त्यात ही नव्हती. मोठ्या माणसाचं ऐकणं.

आणखी एक. अठ्ठ्याहत्तर साली आपल्या गावच्या वस्तीतली घरं जाळली, त्यात धुरपताबाईचं होतं. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते, जे बाळ राहिलं नाही त्याच्या वेळी. तुम्ही शाळेतून आलात, पाय धुतले आणि म्हणालात, "त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं." दैवशालाचे बाबा गेले तेव्हा पण तुम्ही तेच म्हणालात. परवाच्या भाषणात पण तेच. घर जळालं तरी, गाडी उलटली तरी, पोरीची शाळा गेली तरी, तुमच्याकडे एकच उत्तर. त्या उत्तराला विचार करावा लागत नाही. आणि देणाऱ्याला काही करावं लागत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी मी गोजरबाईकडं गेले. ती दारात तूर निवडत होती. मी म्हणाले, माझं चुकलं. तिनं मान वर केली नाही. तूर निवडतच म्हणाली, "तोंड फिरवलं व्हतं ना, मला दिसलं व्हतं. म्या म्हनलं, बाईच्या मानेला उसन भरली का काय." मग सूप खाली ठेवलं. "यंदा तुमचा भाऊ आला तर?"

मी म्हणाले, यंदा मी त्याच्यासाठी चहा ठेवणार नाही.

ती हसली नाही. म्हणाली, "तवा एकच न्यायचा. दोन तवे न्यायचे असतील तर मी न्हाई यायची." मी एक म्हणाले.

तर आमचा कोयता ठरला आहे. दैवशाला माझ्याबरोबर येणार नाही. धुरपताबाई एकटीच आहे आणि तिचं घर तुमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. दैवशाला तिच्याकडं राहील. तिथंच जेवेल. तुमच्या घरी ठेवायला तुम्ही सुपारीची अट घातली, म्हणून ही व्यवस्था. दिवाळीची सुट्टी संपली की ती शाळेत येईल. सोबत अर्ज असेल, माझ्या सहीचा. पालक म्हणून धुरपताबाईचं नाव लिहिलं आहे.

उंबरा बंद करायचा तर करा.

मनकर्णा


मुक्काम उसाच्या फडात,
ता. १४ डिसेंबर १९८६

दादा,

तुमचं पत्र मुकादमाच्या पत्त्यावर आलं. चार दिवस त्याच्या खिशात होतं, त्यामुळे घामानं पुसट झालं, पण वाचता आलं. मी ते गोजरबाईलाही वाचून दाखवलं. तिच्या आईचं नाव त्यात होतं म्हणून तिचा हक्क होता. तुमच्या शब्दात जसं होतं तसंच वाचलं.

अर्ज तुम्ही परत केला. कारण लिहिलंत, पालकाचा पत्ता ग्राह्य धरता येत नाही. आणि खाली, "माझ्या घरी राहायला आली तर त्याच दिवशी नाव घालतो." आता सुपारीची अट पण काढली म्हणता. म्हणजे शाळेत जागा आहे, वयाची अडचण नाही, गैरहजेरीची अडचण नाही. अडचण एवढीच की पोरगी वस्तीतून निघून वर्गात येते. नियमाच्या कोणत्या पानावर ते लिहिलंय ते पान पाठवा. मला छापील वाचता येतं.

तुमच्या घरी ती येणार नाही. मी अडवलेलं नाही, तिलाच विचारलं होतं. तिनं कार्डावर लिहिलंय, "आजीला डोळ्यांनी दिसत नाही, मी तिला पेपर वाचून दाखवते. मी इथंच बरी आहे." धुरपताबाईला पेपर कशाला लागतो विचारलं तर गोजरबाई म्हणाली, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं का, ते ती रोज विचारते. आठ वर्षं विचारायली. घर जळालं तरी विचारणं सोडलं नाही. शिकलेली नाही ती, दादा. लेकरांच्या शिक्षणाची बेपर्वाई तिच्यात कुठं आहे, तेही तुम्ही शोधा.

आमचं इथं बरं चाललंय. पहिला आठवडा टोळीनं आमची गंमत केली. आम्ही दोघी फळीवर चढलो की कोणीतरी शिट्टी घालायचं. आता घालत नाहीत, कारण आमच्या मोळ्या सैल निघत नाहीत. थंडी फार आहे. दैवशालाच्या बाबांचा सदरा कोपरावर फाटला, गोजरबाईनं तिच्या नवऱ्याच्या धोतराचं ठिगळ लावून दिलं. मी तो अंगात घालताना थांबले तर म्हणाली, "घाला. दोघंबी आता कुठं भांडायलेत."

आता तुमच्या तक्रारीचं. तुम्ही लिहिता, नाव नसताना दैवशाला रोज वर्गात येऊन मागं दाराजवळ बसते. तुम्ही तिला उठवलं नाही, गावात बोभाटा नको म्हणून. पण हजेरी घेताना शेवटचं, एकतिसावं नाव झालं की ती उभी राहते आणि म्हणते, "हजर, गुरुजी." आणि बसते. पहिल्या दिवशी पोरं हसली. आता हसत नाहीत, एकतिसावं नाव झालं की सगळा वर्ग मागं वळून तिची वाट बघतो. तुम्ही म्हणता, हा उद्धटपणा आहे, वर्गाची शिस्त बिघडते, आणि हे मी तिला शिकवलं.

मी शिकवलेलं नाही. मी तिच्या वयाची असते तर बोलू शकले नसते, तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्यापुढं बोलायला पस्तीस वर्षं लावली आणि तेही कागदावर.

 तुमचं पत्र संपल्यावर गोजरबाई म्हणाली, "पोरगी हाय, म्हनून हाय म्हनायली. ह्यात गुरुजीला राग कशाचा यायलाय?"  याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर कळवा, मी तिला वाचून दाखवीन.

मला मात्र एक कळतं. यंदा ती माझ्या हातात कोयता देऊन शाळेत गेली. मी जोड बदलली, भावकी अंगावर घेतली, माहेर सोडलं. माझ्या हातात जे होतं ते सगळं मी केलं. तिनंही केलं. चार महिने झोपडीतून उठून, डोकं विंचरून, ती तुमच्या वर्गात येऊन बसेल. परीक्षेला तिचं नाव नसेल तर ते आळसानं नसेल, दारूनं नसेल, आईच्या बेपर्वाईनं नसेल. एका माणसानं लिहिलं नाही म्हणून नसेल. त्या माणसाला आपल्या आईनं माझ्या आधी चौदा वर्षं जन्म दिला, पाटी घेऊन दिली, आणि मला माळ्यावर पाखरं हाकलायला बसवलं. त्यात माझा आळस नव्हता आणि तुमची हुशारी नव्हती. तुम्हाला पाटी दिली होती, एवढंच.

मी तुमच्यावर रागावलेली आहे आणि राग जाणार नाही. तरी पण तुम्हालाच लिहिते, कारण हजेरीचं पुस्तक तुमच्याजवळ आहे.

हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हजेरी घ्याल. एकतिसावं नाव झालं की पुस्तक मिटू नका. जरा थांबा. ती उभी राहील, बोलेल. मग लिहा.

मनकर्णा